नव्या पिल्लाचा घरापर्यंतचा प्रवास

घरात कुत्र्याचे पिल्लू आणावयाचे ठरले, की चर्चा होते ती त्याच्या नावाची, जातीची आणि त्याने कोठे झोपावे याची. ते घरापर्यंत कसे येणार, हा प्रश्न मात्र बहुधा कोणाच्या मनात येत नाही. गाडी दारात उभी असते, चालविणारा घरचाच असतो. मुलांपैकी कोणी तरी त्याला मांडीवर घेऊन बसेल, अशी सर्वांची सहज समजूत असते. व्यापारी कुटुंबात नाजूक माल एका गावाहून दुसऱ्या गावी पाठविताना त्याचे वेष्टन, हवामान, वाहन आणि पोहोचण्याची वेळ यांचा काटेकोर विचार होतो. सजीव पिल्लाच्या बाबतीत तेवढाही विचार न होणे ही विसंगतीच म्हणावी लागेल.

पिल्लाच्या दृष्टीने हा प्रवास साधा नसतो. तोवर त्याने आईची ऊब, भावंडांची सोबत आणि एखाद्या खोलीची जमीन एवढेच जग पाहिलेले असते. एके दिवशी अनोळखी हात त्याला उचलतात, पायाखालची जमीन हलू लागते, इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास येऊ लागतो, आणि आई कोठेच दिसत नाही. त्या चार-पाच तासांत त्याला इजा होऊ शकते, उष्माघात होऊ शकतो, एखाद्या जीवघेण्या रोगाचा संसर्गही होऊ शकतो. यांपैकी बहुतेक गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. परंतु त्या रस्त्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वीच्या तयारीने टळतात.

आठ आठवड्यांची मर्यादा

पहिला प्रश्न वयाचा. पिल्लू जितके लहान तितका त्याला लळा अधिक, असे मानून पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू आणण्याकडे अनेकांचा कल असतो. कायद्याला आणि पशुवैद्यकाला दोघांनाही हे मान्य नाही. केंद्र शासनाने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. तसेच पैदास करणाऱ्याची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असणे आवश्यक आहे. आई आणि भावंडे यांच्या सहवासातच पिल्लू चावा किती जोराचा घ्यावा, खेळ कोठे थांबवावा, हे शिकत असते. तो सहवास अकाली तुटलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे निघण्याची शक्यता वाढते.

आणावयाच्या दिवशी घाईने पैसे देऊन निघू नये. लसीकरणाचे कार्ड, जंतनाशक औषध दिल्याची तारीख, पैदास करणाऱ्याच्या नोंदणीचा तपशील आणि पावती मागून घ्यावी. पिल्लाचे डोळे स्वच्छ आहेत का, नाकातून स्राव येतो का, शौच पातळ होते का, ते भावंडांत खेळते की कोपऱ्यात पडून असते, हे पाहावे. आजारी पिल्लाला प्रवास घडवू नये. ‘घरी नेऊन डॉक्टरांना दाखवू’ हा विचार त्याच्या जिवावर बेतू शकतो. रस्त्यावरचे अनाथ देशी पिल्लू घरी आणावयाचे असेल, तर आधी त्याची आई आसपास नाही ना, याची खात्री करून घ्यावी. पुढील सर्व सूचना त्यालाही तशाच लागू आहेत.

दिवस आणि वेळ

दुकानाची साप्ताहिक सुट्टी ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी सकाळी पिल्लू आणणे सोयीचे. निदान पहिले दोन दिवस घरातील कोणी तरी पूर्ण वेळ त्याच्यापाशी असावे. मुलांना सुट्टी असते म्हणून दिवाळीत पिल्लू आणण्याची प्रथा पडू पाहत आहे. परंतु कुत्र्याचे कान माणसाहून कितीतरी तीक्ष्ण असतात. फटाक्यांच्या आवाजात घडलेला पहिला प्रवास आणि पहिली रात्र त्याच्या मनात कायमची भीती बसवू शकते. घरात लग्न, पारणे किंवा पाहुण्यांची वर्दळ असेल, तेव्हाही हा बेत पुढे ढकलणे बरे.

मार्च ते जून या काळात पहाटे निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी पोहोचावे. शक्य तो दिवसाउजेडी घरी येण्याचा हिशेब ठेवावा. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ शांत असते. तेवढ्या वेळात पिल्लाला आपली जागा, पाणी आणि माणसे यांची ओळख करून घेता येते.

मांडी सुरक्षित नसते

सर्वांत मोठी चूक मायेपोटी होते. पिल्लू रडते म्हणून त्याला मांडीवर घेतले जाते, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा धोका ठरतो. थोडा हिशेब मांडून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या अडथळ्यावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट जोर येतो. तीन किलोचे पिल्लू त्या क्षणी साठ किलोच्या पोत्यासारखे पुढे झेपावते. ते धरून ठेवणे कोणाही माणसाच्या हातांना शक्य नसते. पुढील आसनावर तर एअरबॅगचाही धोका असतो. मोठ्या माणसाला वाचविण्यासाठी बनविलेली ती पिशवी ज्या वेगाने फुगते, तो आघात पिल्लू सहन करू शकत नाही.

अपघात झाला नाही, तरी मोकळे पिल्लू गाडीत निर्धास्त नसते. ते घाबरून चालकाच्या पायांशी, ब्रेकच्या पायपट्टीखाली जाऊन बसू शकते. टोलनाक्यावर काच किंवा दार उघडताच बाहेर उडी घेऊ शकते. अशा वेळी पिल्लाबरोबरच गाडीतील माणसांचाही जीव धोक्यात येतो.

म्हणून पिल्लाची जागा बंद पेटीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ‘कॅरिअर’ या नावाने मिळणारी कडक प्लॅस्टिकची, जाळीचे दार असलेली पेटी यासाठी उत्तम. पिल्लाला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे, एवढीच ती मोठी असावी. फार मोठी पेटी घेतल्यास वळणावर ते आतच आपटत राहते. हवा दोन-तीन बाजूंनी खेळली पाहिजे. लहान पेटी पुढील आसनाच्या मागे, पायांच्या जागेत घट्ट बसवावी. तेथे ती कोणत्याही बाजूला सरकत नाही. जागा पुरत नसेल, तर पेटी मागील आसनावर ठेवून सीटबेल्टने पक्की बांधावी. ऊन ज्या बाजूने येणार असेल, त्या काचेला जाळीचा पडदा लावावा.

दुकानातले मालाचे खोके सर्वांत आधी हाताशी येते. त्याला चार भोके पाडली की काम झाले, असे वाटते. पिल्लाने लघवी केली, की पुठ्ठा भिजून तळ सुटतो, आणि थोड्याच वेळात पिल्लू ते कुरतडून बाहेर येते. गोणी, कापडी पिशवी किंवा तोंड बांधलेली करंडी यांत तर गुदमरण्याचा धोका असतो. बंद डिकीत पिल्लू ठेवणे हा सरळसरळ अत्याचार होय. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११ नुसार प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा गुन्हा आहे. कायदा होण्याच्या कितीतरी शतके आधी जैन आचार्यांनी अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगताना जनावराला आवळून बांधणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे या दोहोंची गणना त्यांत केली होती. तेव्हा या विषयातील सावधगिरी जैन घराला परकी नाही. फक्त तिचा संबंध मोटारगाडीशीही आहे, हे ध्यानात आणले पाहिजे.

शक्य असेल, तर ही पेटी दोन-तीन दिवस आधीच पिल्लाच्या मूळ ठिकाणी नेऊन ठेवावी. उघड्या पेटीत शिरून, झोपून ते तिच्याशी परिचित होते. निदान एक जुना मऊ कपडा आईच्या अंथरुणात ठेवण्यास सांगून तो येताना पेटीत घालावा. पिल्लाला आईचा वास तिच्या रूपाहून अधिक ओळखीचा असतो. तो कपडा पुढे आठवडाभर धुऊ नये.

पोट आणि पाणी

पिल्लांना गाडी लागते. कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये त्या वयात पुरती परिपक्व झालेली नसतात. लाळ गळणे, वारंवार ओठ चाटणे, जांभया देणे आणि अस्वस्थपणे कण्हणे ही उलटीची पूर्वसूचना होय. म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास थोडेसेच खाणे द्यावे, आणि निघताना पोट भरू नये. हे अन्न तोडणे नव्हे, तर पथ्य आहे. पाणी मात्र कधीही बंद करू नये. प्रत्येक थांब्यावर थोडे थोडे द्यावे.

चिहुआहुआ, पॉमेरेनियन यांसारख्या अगदी लहान चणीच्या पिल्लांबाबत एक अपवाद आहे. फार वेळ उपाशी राहिल्यास त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होते, लटपटते, थरथरते. अशा वेळी साखरेचे किंवा ग्लुकोजचे थोडे पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे आणि जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे. या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी चार घास द्यावेत. माणसाच्या उलटीची गोळी अंदाजाने कोणत्याही पिल्लाला देऊ नये. प्रवास लांबचा असेल, तर आधीच पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

प्रवासातील फराळाच्या डब्यावरही लक्ष हवे. सांगली-तासगाव भागात घरोघरी बेदाणे असतात, आणि मूल प्रेमाने आपल्या हातातले दोन-चार पिल्लापुढे धरते. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे अनेक घरांत ठाऊक नसते. चॉकलेटही विषारी आहे. कांदा-लसूणही कुत्र्याला अपायकारक. ते जैन स्वयंपाकघरात नसले, तरी बाजारच्या तयार खाऊच्या पुड्यांत त्यांची पूड असू शकते. मुलांना गाडीत बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे, की पिल्लाला आपल्या हातचे काहीही द्यावयाचे नाही.

शाकाहारी घराने आणखी एका गोष्टीचा निर्णय पिल्लू आणण्यापूर्वीच करावा. कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर अवलंबून असणारा प्राणी नाही. संतुलित शाकाहारावर त्याचे पालन होऊ शकते. परंतु वाढत्या पिल्लाच्या प्रथिनांची आणि कॅल्शियमची गरज नुसत्या दूध-पोळीने भागत नाही. शिवाय दुधाने अनेक पिल्लांचे पोट बिघडते. त्याला काय आणि किती द्यावे, हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे. पहिले काही दिवस मूळ ठिकाणचेच खाद्य चालू ठेवून मग हळूहळू बदल करावा. आपल्या घराला हे जमणार नाही असे वाटत असेल, तर ते गाडी काढण्यापूर्वी कबूल करणे अधिक प्रामाणिकपणाचे. आणलेले पिल्लू महिन्याभरात परत पाठविण्याने दोन घरांना आणि त्या जीवाला दुःखच होते.

रस्त्यावर

पुण्याहून सांगलीला पिल्लू आणणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. खेड-शिवापूर, खंबाटकीचा चढ, सातारा, कराड आणि पेठनाक्यावरून इस्लामपूर-आष्टामार्गे सांगली, असा हा साधारण चार-पाच तासांचा रस्ता. गाडीत किमान दोन मोठी माणसे हवीत. एक चालविणारा आणि दुसरा केवळ पिल्लाकडे पाहणारा. चालविणाऱ्याने मागे वळून पाहण्याचा मोह टाळावा. घाटात वेग कमी ठेवावा. एकाएकी ब्रेक दाबणे आणि वळणे झपाट्याने घेणे यांनीच पिल्लाला अधिक त्रास होतो. गाडीत अत्तर, सुगंधी वड्या आणि मोठ्याने लावलेली गाणी नसावीत. वातानुकूलन सौम्य ठेवावे आणि त्याचा झोत पेटीवर सोडू नये.

पहिली पंधरा-वीस मिनिटे बहुतेक पिल्ले रडतात. प्रत्येक हाकेला पेटी उघडली, तर रडण्याने दार उघडते हा धडा ते पक्का करते. पेटीशी बसलेल्याने हळू आवाजात बोलावे आणि जाळीतून बोटांचा वास घेऊ द्यावा. अधूनमधून पेटीवर पातळ सुती कापड अर्धे पांघरावे; हवा मात्र अडू देऊ नये. बहुतेक पिल्ले थोड्या वेळाने झोपी जातात.

दीड-दोन तासांनी थांबावे, परंतु पिल्लाला रस्त्याकडेच्या मातीवर, ढाब्याच्या अंगणात किंवा टोलनाक्यावरील हिरवळीवर उतरवू नये. ही सूचना सर्वांत कमी पाळली जाते, आणि तिची किंमतही सर्वांत मोठी असते. पार्व्हो या विषाणूने पिल्लांना रक्ताचे जुलाब आणि उलट्या होतात, आणि उपचार लवकर न मिळाल्यास बहुसंख्य पिल्ले दगावतात. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. जमीन दिसायला स्वच्छ असली, तरी तो तेथे असू शकतो. पिल्लांचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने चालते. पहिल्या एका मात्रेने पुरेसे संरक्षण मिळत नाही. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे आठवड्याभराने पिल्लू आजारी पडले, की दोष घरच्या खाण्याला दिला जातो आणि ढाब्यावरची ती पाच मिनिटे कोणालाच आठवत नाहीत. यासाठी गाडी बाजूला उभी करून, दारे बंद ठेवून, आतच जुन्या वर्तमानपत्रांवर किंवा शोषक पॅडवर पिल्लाला मोकळे होऊ द्यावे. दार उघडण्यापूर्वी त्याच्या गळ्यात हलका पट्टा असावा आणि पट्ट्याची दोरी मोठ्या माणसाच्या हातात असावी.

बंद गाडीत पिल्लाला एकटे सोडून चहाला जाणे, हा दुसरा मोठा धोका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढते. काच चार बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धाप टाकूनच ते शरीर थंड करते. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले, की जीव धोक्यात येतो. जोरजोराची धाप, लालभडक हिरड्या, चिकट लाळ आणि झोकांड्या ही लक्षणे दिसताच पिल्लाला सावलीत आणावे, अंगावर साधे गार पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाचे पाणी वापरू नये. वाटेतील मोठ्या गावांमधील पशुवैद्यकांचे दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घेतलेले असावेत.

घरी पोहोचल्यावर

गाडीतून उतरताच पिल्लाला थेट ठरविलेल्या शौचाच्या जागी न्यावे. मोकळे झाले की कौतुक करावे. मग पाणी, थोडे खाणे आणि विश्रांती. शेजारीपाजारी, भाचेमंडळी आणि दुकानातील माणसे यांनी पिल्लू पाहावयास त्याच दिवशी येऊ नये, हे आधीच सांगून ठेवावे. प्रवासाचा वास येतो म्हणून पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे. पहिल्या रात्री त्याची पेटी घरातील कोणा मोठ्या माणसाच्या अंथरुणाजवळ ठेवावी. रिकाम्या खोलीत किंवा गच्चीवर एकटे पडलेले पिल्लू रात्रभर आक्रंदत राहते.

एक-दोन दिवसांत पशुवैद्यकाकडे तपासणी करून पुढील लसींच्या तारखा ठरवाव्यात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. तोवर त्याच्या दुधाच्या दातांनी किंवा नखांनी कोणाला ओरखडा उठला, तर तो किरकोळ म्हणून सोडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पिल्लाच्या आईचे लसीकरण झाल्याची खात्री नसेल, तर यात मुळीच हयगय करू नये.

या सर्व तयारीला लागणारा खर्च फार नाही. एक चांगली पेटी, चार जुनी वर्तमानपत्रे, दोन टॉवेल, पाण्याची बाटली, वाटी आणि मोकळा असलेला एक माणूस एवढेच हवे. पेटी तर पुढे पशुवैद्यकाकडे जाण्यासाठी आणि घरात त्याची हक्काची जागा म्हणूनही उपयोगी पडते. मुलांना पिल्लू मांडीवर हवे असते. पेटीत बसविले, की ती हिरमुसतात. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावून सांगावे, की गाडीत मांडीवर घेतल्याने आपली हौस भागते, पण त्याचा जीव वाचतो तो पेटीने. पिल्लाची जबाबदारी घेणाऱ्या मुलाला त्याच दिवशी शिकता येणारी ही पहिली गोष्ट आहे. घरी पोहोचल्यावर, जमिनीवर बसून, त्याला हवे तेवढे मांडीवर घ्यावे. त्यासाठी पुढची बारा-पंधरा वर्षे मोकळी आहेत.